मावशीच्या दाराचं कुलूप

आमच्या इमारतीत सोळा दारं आहेत. गेल्या वर्षी एका महिन्यात मी त्यातल्या चौदा दारांची कुलपं बदलली. कोपऱ्यावरचं दुकान माझंच, वडिलांनंतर मी चालवते. किल्ल्या बनवणं, कुलपं दुरुस्त करणं, आणि किल्ली आत विसरून दार ओढून घेतलेल्या शहाण्यांना पुन्हा घरात घेणं, हा आमचा धंदा. माघारी लोक मला किल्लीवाली म्हणतात. तोंडावर ताई म्हणतात, कारण कधी ना कधी आपणही दाराबाहेर उभे राहणार हे प्रत्येकाला ठाऊक असतं.

कोण कुठल्या धर्माचं ते मी सांगणार नाहीये. सांगितलं की तुम्ही लगेच सरसावून बसाल आणि बाजू घ्याल. इमारतीत दोन बाजू आहेत, आमची आणि त्यांची, एवढं पुरे. त्या वर्षीच्या एका दुपारपर्यंत आम्हालाही त्या फारशा आठवत नव्हत्या. प्रत्येक घराची जादा किल्ली समोरच्या नाहीतर वरच्या घरी असायची. कुणाचं दूध उतू जात असेल तर कुणीही जाऊन गॅस बंद करायचं.

मग ती दुपार आली. शहरात कुठेतरी काहीतरी झालं, कुणीतरी काहीतरी पेटवलं, आणि तासाभरात आमच्या रस्त्यावर चाळीस-पन्नास माणसं दगड घेऊन आली. ती माणसं आमच्या बाजूची होती. हे सांगताना मला आजही लाज वाटते, पण सांगायलाच हवं. त्यांनी खालच्या काचा फोडल्या, जिन्यात घुसून आरडाओरडा केला, आणि पोलिसांची गाडी आल्यावर ती पांगली. कुणाला खरचटलंही नाही. नशीबच म्हणायचं.

दुसऱ्या दिवसापासून माझ्या दुकानात रांग. "जरा नवीन कुलूप बसवून दे गं, पण समोरच्यांना बोलू नकोस हं." आणि त्यांची पाठ वळली की समोरचे हजर. "ताई, कुलूप बदलायचंय, पण समोर कळता कामा नये." हसावं की कपाळ बडवून घ्यावं तेच कळेना. पण मी एक अक्षर बोलले नाही. वडिलांनी घालून दिलेला नियमच आहे तसा, एका घरच्या कुलपाची गोष्ट दुसऱ्या घरी करायची नाही. आता तुम्हाला सांगतेय, पण तुम्ही कुठे आमच्या इमारतीत राहता?

उरली दोन दारं. एक तिसऱ्या मजल्यावरचं आमचं, जिथे मी आणि आई राहतो. दुसरं त्याच्या बरोबर खाली, दुसऱ्या मजल्यावरचं, मावशीचं.

मावशी माझी सख्खी मावशी नव्हे. ती त्यांच्या बाजूची. शाळेत शिवण शिकवायची, माझ्या प्रत्येक फ्रॉकची शिलाई उसवून तिने पुन्हा घातलेली आहे, कारण आईची शिलाई तिला बघवायची नाही. आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती, निवृत्त झाली तरी माणसांना "एक मिनिट थांबा" असं सांगून मिनिटाच्या आत परत येते. दोघींची एकतीस वर्षांची मैत्री. एकमेकींच्या किल्ल्या एकमेकींकडे, आणि दार वाजवणं हा प्रकारच नाही. आई किल्ली फिरवायची, आत जायची आणि बोलायला सुरुवात करायची, बरेचदा वाक्याच्या मधूनच. "...आणि मग तो म्हणतो, पाणी उद्या येईल!" मावशी मशीनवरून मान वर न करता विचारायची, "कोण म्हणतो?"

त्या दुपारपासून दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. आईला विचारलं तर तिचं उत्तर ठरलेलं. "मी गेले होते तिच्या दाराशी. वाजवलं. ती आत होती, स्टूल सरकल्याचा आवाज मी या कानांनी ऐकला. तिने उघडलं नाही. मला त्या लोकांत धरलं तिने. संपला विषय." मावशी तर विषयच काढू द्यायची नाही. मी काही विचारायला गेले की माझ्या बाहीची शिलाई तपासायला लागायची.

असे आठ महिने गेले, आणि दैवाची थट्टा बघा, या आठ महिन्यांत दोघींना दर महिन्याला एकदा शेजारी-शेजारी उभं राहावं लागायचं.

त्याचं असं झालं. तळमजल्यावर एक हॉल आहे, दोन्ही बाजू आपापल्या कार्यक्रमांना वापरतात. त्या दुपारनंतर दोन्ही बाजूंना वाटायला लागलं की किल्ली आपल्याकडेच हवी. भांडण इतकं पेटलं की शेवटी मला त्या दाराला दोन कुलपं बसवावी लागली. एकाची किल्ली आमच्याकडे, दुसऱ्याची त्यांच्याकडे, दोन्ही फिरल्याशिवाय दार उघडणार नाही. आमच्या बाजूने किल्ली आईला दिली, कारण ती वक्तशीर. त्यांनी मावशीला दिली, कारण तिच्याबद्दल त्यांच्यातही कुणाचं दुमत नव्हतं. या दोघी बोलत नाहीत, हे एकाही मोठ्या माणसाच्या लक्षात आलं नाही. इमारतीत एकजूट करायला निघालेली माणसं ही!

या हॉलमध्ये महिन्याच्या पहिल्या शनिवारी दुपारी चार वाजता सर्वधर्म संवाद बैठक भरायची. शहरातल्या शांतता केंद्राने ती सुरू केलेली. चालवायला एक बाई यायच्या, पन्नाशीच्या, कायम सर्दी झालेल्या, पिशवीत रंगीत चिठ्ठ्या आणि स्केचपेनं. आम्ही त्यांना संवादताई म्हणायचो. बाई मनाने फार चांगल्या, पण त्यांच्यापुढे आमचे भाषणकाका होते. पहिल्या मजल्यावरचे, निवृत्त अधिकारी, दर बैठकीत "मानवता हाच एक धर्म" इथून सुरुवात करायचे आणि पंचवीस मिनिटांनी तिथेच येऊन थांबायचे. मी मागे बसून त्यांच्याकडे बघत राहायचे. त्यांच्या मानवतेच्या दाराला नवं कुलूप आणि वर तीन कड्या मीच ठोकल्या होत्या.

बाकीचेही तसेच. चहा, बिस्किटं, गोड गोड बोलणं. आपल्या धर्मात कसं सगळ्यांवर प्रेम करायला सांगितलंय ते दोन्ही बाजू आळीपाळीने सांगायच्या आणि घरी जाऊन कडी लावून घ्यायच्या. आई आणि मावशी हॉलच्या दोन टोकांना बसायच्या, आणि बैठक संपली की दाराशी येऊन न बोलता आपापलं कुलूप लावायच्या.

आणि मग एका मंगळवारी मावशी माझ्या दुकानात आली. मी कानस घेऊन एका किल्लीचे दात घासत होते.

"मुलाकडे चाललेय," ती म्हणाली. "कायमची. महिनाअखेरीला घर सोडतेय."

माझ्या हातातली कानस तशीच राहिली. मुलगा तिचा रेल्वेने चौदा तासांच्या अंतरावर.

"असं अचानक?"

"अचानक कसलं? तो वर्षभर म्हणतोय. इथे आता राहायचं तरी कुणासाठी?" तिने पर्समधून दोन किल्ल्या काढून माझ्यासमोर ठेवल्या. "घरमालकाला सगळ्या किल्ल्या द्यायच्यात. तीन होत्या. तिसरी तुझ्या आईकडे असेल, तिने फेकून दिली नसेल तर. तेवढी आणून दे."

मी किल्ल्या हातात घेतल्या. पितळेच्या, जड, माथ्यावर वडिलांची खूण, एक बारीक आडवी रेघ. एकतीस वर्षांपूर्वीच्या. म्हणजे मावशीने कुलूप बदललं नव्हतं. आमच्याकडे नाही तर दुसरीकडे बदललं असेल असं मी मनात धरून बसले होते.

"तुम्हीच या ना वर आणि मागा," मी म्हटलं.

"पायऱ्या चढवत नाहीत गं आता."

आदल्याच दिवशी ती थेट गच्चीवर चढून चादरी वाळत घालत होती, मी डोळ्यांनी पाहिलं होतं. माझं डोकंच फिरलं. "मावशी, एकतीस वर्षं! आणि तुम्ही निरोप किल्लीवालीकडे देताय?"

तिने माझी बाही धरली, शिलाई बघितली, म्हणाली, "इथे उसवतंय," आणि निघून गेली.

घरी आल्या आल्या मी आईला सांगितलं. ती भाजी चिरत होती. विळीवरचा हात थांबला, मग पुन्हा सुरू झाला.

"जाऊ दे. बरंच आहे. मुलगा आहे, नातवंडं आहेत."

"आणि तिची किल्ली मागितलीय."

"ती किल्ली काय चाटायचीय? केव्हाच कुलूप बदललं असेल तिने. सगळ्यांनी बदललं, ती काय वेगळी?"

मला खरं ठाऊक होतं, पण वडिलांचा नियम. एका घरच्या कुलपाची गोष्ट दुसऱ्या घरी नाही. बावीस वर्षांत मी तो एकदाही मोडला नव्हता, नवरा-बायकोच्या भांडणात सुद्धा नाही. मी स्वयंपाकघरात दोन फेऱ्या मारल्या, पाणी प्यायले, वडिलांच्या फोटोकडे बघितलं. म्हटलं, बाबा, आजच्या दिवस तिकडे तोंड करा.

"आई, तिने कुलूप बदललेलं नाही. तुझ्याकडची किल्ली आजही लागते."

आईने विळी आडवी केली. मग उठली, कपाटातला डबा काढला, त्यातला रुमाल काढला आणि रुमालातली किल्ली काढली. फेकून देणं दूरच, बाईने पुसूनपासून ठेवली होती.

"मग उघडलं का नाही तिने?" आई म्हणाली. तिचा आवाज इतका लहान मी कधी ऐकला नव्हता. एरवी टेलिफोनवाल्या बाईचा आवाज तिचा, आठ खोल्यांत जायचा.

"जा आणि विचार."

"मी नाही जाणार. मी एकदा गेले होते."

झालं! एक चढत नाही, दुसरी उतरत नाही. मध्ये अठरा पायऱ्या आणि महिन्याचे उरलेले चार आठवडे. मी त्या रात्री जेवताना दोघींच्याही नावाने बोटं मोडली.

शनिवारी बैठक होती. मावशीची शेवटची. दोघींनी दाराशी उभं राहून आपापली किल्ली फिरवली, एकीने डावीकडे बघत, दुसरीने उजवीकडे बघत. आत आल्यावर संवादताई शिंकल्या आणि म्हणाल्या, "आज भाषणं नकोत." भाषणकाका अर्धे उठले होते, ते खाली बसले. "आज प्रत्येकाने एक प्रश्न लिहायचा. समोरच्या बाजूला विचारायचा राहून गेलेला. नाव घालायचं नाही. मी वाचेन, ज्याला वाटेल त्याने उत्तर द्यायचं."

चिठ्ठ्या फिरल्या. पहिली वाचली. "तुम्ही लोक तुमच्या गाड्या आमच्या खिडकीखाली का लावता?" आणि हॉलमध्ये जो काही गदारोळ उठला, विचारू नका! दहा मिनिटं सगळे एकदम बोलत होते. माझ्या मते आठ महिन्यांतला पहिला खरा संवाद तोच. दुसरी चिठ्ठी, "तुमच्या प्रार्थनेत आमच्याबद्दल काही वाईट असतं का?" यावर त्यांच्यातले एक आजोबा उठून म्हणाले, "अहो, गुडघ्यापासून सुरू करतो आणि सुनेपर्यंत येता येता प्रार्थना संपते. तुमच्यापर्यंत पोचायला वेळ कुठे आहे?" दोन्ही बाजू खदखदून हसल्या. सगळ्यात आधी त्यांची सून हसली.

संवादताईंना हुरूप आला. त्यांनी तिसरी चिठ्ठी उघडली.

"मी दार वाजवलं होतं. तू आत होतीस. का उघडलं नाहीस?"

मी चमकून आईकडे बघितलं. ती स्केचपेनच्या टोपणाशी खेळत होती. संवादताई जरा गोंधळल्या, कारण बाकी सगळे प्रश्न तुम्ही लोक, तुमचे लोक असे होते. त्यांनी घाईने पुढची चिठ्ठी उचलली.

"तुझ्याकडे किल्ली होती. आत का नाही आलीस?"

 भाषणकाका खाकरले आणि उठले. "या ठिकाणी दार हे एक प्रतीक..."

"काका, खाली बसा!" मी ओरडले. ते बसले.

मावशी उभी राहिली होती. हॉलच्या त्या टोकाला, पर्स पोटाशी धरून.

"एकतीस वर्षांत तू माझं दार कधी वाजवलंस का गं?" ती म्हणाली. "एकदा तरी? जिन्यात माणसं ओरडत होती. आणि कुणीतरी माझं दार वाजवलं. दार वाजवणारं माणूस परकंच असणार, मला दुसरं काय वाटणार? मी श्वास धरून बसले. मी आतली कडीसुद्धा लावली नव्हती."

"कडी लावली नव्हतीस?" आई म्हणाली.

"तुझ्यासाठी! तू येणार हे मला माहीत होतं. कडी लावली तर तुझ्या किल्लीने दार उघडायचं नाही. कडी न लावता बसले होते मी, बाहेर ते सगळं चालू असताना. दाराशी स्टूल ओढून बसले, किल्लीचा आवाज ऐकायला. संध्याकाळपर्यंत बसले. तू आलीच नाहीस."

आई उठली. मी हात दिला तर तो तिने झटकला.

"किल्ली माझ्या हातात होती," ती म्हणाली. "कुलपाशी नेली होती. मग वाटलं, अशा वेळी कुणी बाहेरून किल्ली घालून दार उघडलं तर या बाईचा जीव जाईल घाबरून. म्हणून हळूच वाजवलं. तीनदा. हाक मारणार होते, पण खाली ते उभे होते. तुझं नाव घेतलं असतं तर त्यांना कळलं असतं ना, हे दार कुणाचं आहे ते."

"मग मेले, बाहेरून कुजबुजायचं तरी!"

"कुजबुजता येतं का मला? कधी ऐकलंयस?"

हे मात्र खरं होतं. कुणीतरी फसकन हसलं, आणि त्याच वेळी कुणीतरी नाक ओढलं. ते संवादताईंचं असेल, त्यांची सर्दी होतीच, पण डोळेही पुसत होत्या. आई चालत हॉलच्या त्या टोकाला गेली. मिठी वगैरे मारली नाही. मावशीच्या शेजारची खुर्ची ओढली, बसली आणि म्हणाली, "आठ महिने. मूर्ख आहेस तू."

"तू महामूर्ख," मावशी म्हणाली आणि तिचा हात घट्ट धरला. बैठक संपली तरी सोडला नाही. त्या दिवशी हॉलची दोन्ही कुलपं मला लावावी लागली.

मावशी राहिली असं तुम्हाला वाटलं असेल तर तसं झालं नाही. मुलाने तिकीट काढलं होतं, नातवंडांनी खोली सजवली होती. पण उरलेले तीन आठवडे आई सकाळी खाली जायची ती जेवायलाच वर यायची, आणि कधीकधी तेव्हाही यायची नाही. वरून मला मशीनची खडखड आणि त्यावर चढलेला आईचा आवाज ऐकू यायचा. रडू येण्याइतकं बरं वाटायचं ते.

त्याच आठवड्यात भाषणकाका दुकानात आले. इकडेतिकडे बघून त्यांनी आपली किल्ली काढली. "याची आणखी एक करून दे. समोर द्यायचीय. त्या तीन कड्यांपैकी दोन काढून टाक. पण कुणाला बोलू नकोस हं." दुसऱ्या दिवशी समोरचे आले, किल्ली घेऊन, तेच वाक्य घेऊन. मी तोंडातून अवाक्षर काढलं नाही, पण त्यांना पाठमोरं बघून एकटीच हसत बसले.

निघायच्या आदल्या दिवशी मावशीने मला घरी बोलावलं. सामान बांधून झालं होतं. आई एका खोक्यावर बसून देखरेख करत होती.

"घरमालकाला नवीन कुलूप बसवून दे," मावशी म्हणाली. "हे उतरव. हे माझं आहे, तुझ्या वडिलांकडून घेतलेलं. मुलाकडे माझ्या खोलीला बाहेरून वेगळं दार आहे. तिकडे बसवून घेईन."

"आणि तिसरी किल्ली?" मी विचारलं.

"कसली तिसरी किल्ली?" आई म्हणाली आणि पदराची गाठ मुठीत घट्ट धरली.

मी स्क्रू काढले, कुलूप उतरवलं, तेल दिलं, आणि तिकडच्या कारागिरासाठी मापं लिहून कापडात गुंडाळून दिलं. दारात त्या जागी एक गोल भोक राहिलं. आईने त्यातून डोकावून बघितलं आणि मग आत जाऊन बराच वेळ मोरीत तोंड धूत बसली.

दोन महिन्यांनी मी आईला मावशीकडे जाणाऱ्या गाडीत बसवून दिलं. पोचल्याचा फोन तिने करायचा होता. तो केला मावशीने.

"पोचली का आई?" मी विचारलं.

"पोचली. मी मशीनवर होते. किल्ली फिरवून आत आली आणि बोलायलाच लागली, मधूनच. अजून थांबलेली नाही." मागून आईचा आवाज येतच होता, त्यावरून मावशीने विचारलं, "आता तू सांग मला, गाडीत शेजारी बसलेला तो माणूस, तो कोण?"